सांगलीचा प्रायमरी, साताऱ्याचा सेकंडरी

आमच्या ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. सर्व्हरच्या खोलीत जुन्या वायरी साठतात तसे ते साठत गेले. एक ओढायला जावं तर तिच्यामागून चार गुंतून बाहेर येतात. परवा मित्रांबरोबर चहाला बसलो होतो, कुणीतरी सहज म्हणालं, "सम्या, तुमच्या त्या दत्तादादांचं आणि आबांचं काय झालं रे पुढं?" झालं! मी जो सुरू झालो तो चहा गार होईस्तोवर थांबलोच नाही.

ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. तुम्ही मोबाईलवर एखाद्या वेबसाइटचं नाव टाकता, तेव्हा तुमचा मोबाईल आधी कुणालातरी विचारतो की ही बया राहते कुठं. तो पत्ता सांगणारं मशीन म्हणजे नेमसर्व्हर. दादा गिऱ्हाइकाला समजवायचे, "स्टँडवर उतरल्यावर तुम्ही पानपट्टीवाल्याला विचारता ना, अमक्याची अडत कुठं म्हणून? तो पानपट्टीवाला म्हणजे आम्ही!"

आता पानपट्टी एखाद्या दिवशी बंदही असते. म्हणून दोन लागतात. पहिला प्रायमरी, त्याच्याकडं मूळ माहिती. दुसरा सेकंडरी, तो पहिल्याकडून माहिती उतरवून घेतो आणि पहिला पडला की लोकांना उत्तर देतो.

आमचा प्रायमरी सांगलीत दादांच्या ऑफिसात होता आणि सेकंडरी साताऱ्यात आबांच्या घरी. दादा कवठे महांकाळकडचे, शिकून सांगलीत स्थायिक झालेले. आबा साताऱ्याचे, फौजेत सिग्नलला होते. रिटायर झाल्यावर सांगलीत बहिणीकडं राहून कॉम्प्युटरचा क्लास लावला, तिथं शिकवायला दादा. मास्तर लहान, विद्यार्थी मोठा! क्लास संपला, पण ह्या दोघांचं काही संपलं नाही. दोघांनी मिळून हे दुकान काढलं. मी आणि सुलभाताई नंतर नोकरीला लागलो.

आणि पुढं काही वर्षं आम्हा दोघांना एकच घोर लागून राहिला होता. ही दोन माणसं एकमेकांशी परत बोलणार का?

*

सुरुवातीला दोन्ही नेमसर्व्हर सांगलीतच होते. सांगलीत म्हणजे एकाच कपाटात, एकावर एक. नियम म्हणतो दोन पाहिजेत, दादांनी दोन ठेवले. दोघांचे प्लग एकाच बोर्डात.

एक दिवस झाडायला येणाऱ्या मावशींनी कपाटामागचं जळमट काढताना तो बोर्डच ओढला. कुपवाडच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्याची वेबसाइट गेली, मेल गेली. मालक मोटरसायकलवरून तडक ऑफिसात.

"दोन-दोन आहेत म्हणून सांगता, आणि दोन्ही एकदम कसे काय मेले?"

दादांनी मान खाजवली. "त्याचं काय आहे साहेब, दोघं एकत्रच राहतात."

आबा बाजूला बसून इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसका लागला. "दत्त्या, दोन वायरलेस सेट एकाच खड्ड्यात ठेवलं असतं तर आमच्या साहेबानं मला त्याच खड्ड्यात गाडलं असतं रं! आन एक मशीन इकडं. मी घिऊन जातो साताऱ्याला."

सुलभाताईंनी त्या मशीनला हळदकुंकू लावलं, वर नारळ ठेवला आणि पदरानं डोळे पुसल्याचं नाटक केलं. आबा मशीन मांडीवर घेऊन एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, "हे काय आहे ओ?"

"सेकंडरी."

"मग प्रायमरी कुठाय?"

"त्यो सांगलीलाच राह्यला. त्याला घर सोडवत न्हाई!"

*

प्रायमरीत काही बदललं की एक गोष्ट करावीच लागते. फायलीत वर एक नंबर असतो, तो वाढवायचा. सेकंडरी फक्त तो नंबर बघतो. वाढलेला दिसला तर नवी माहिती उतरवून घेतो. नाही वाढला तर त्याला वाटतं, सगळं पूर्वीसारखंच आहे.

दादा हा नंबर वाढवायला हमखास विसरायचे. एवढा हुशार माणूस, पोरांना शिकवणारा, पण नंबर म्हटलं की विसरलाच!

त्याच कुपवाडच्या कारखान्यानं मेलचा सर्व्हर बदलला. दादांनी सांगलीत नवा पत्ता लिहिला आणि खुशाल जेवायला गेले. सांगलीचं मशीन नवा पत्ता सांगतंय, साताऱ्याचं जुना. निम्म्या ऑर्डरी इकडं, निम्म्या तिकडं. मालकांना कळेना की मुंबईची पार्टी रुसली का काय.

आबांचा फोन आला. स्पीकरवरच होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"दत्त्या, नंबर वाढवला न्हाईस न्हवं?"

"अरे बापरे! आबा, राहिलंच बघा."

"आरं, माज्याकडं जुनंच हाय. तू सांगितल्याबिगर मला कसं कळायचं रं?"

त्यानंतर "नंबर वाढवला का?" हे ऑफिसचं पालुपदच झालं. सुलभाताई चहावाल्याला सुद्धा सोडायच्या नाहीत. चार जणांना तीनच कप आले की म्हणायच्या, "काय रे, नंबर वाढवला नाहीस होय?" त्या बिचाऱ्याला काही कळायचं नाही. तो दुसऱ्या फेरीला पाच आणायचा.

*

हळदीच्या एका अडत्यानं वेबसाइट काढली आणि अडून बसला, सुरू करायची ती मुहूर्तावरच. सकाळीच नारळ, पेढे घेऊन, टोपी घालून हजर.

दादा म्हणाले, "शेठ, आमचं काम बटण दाबलं की दिवा लागला असं नसतं. आम्ही इथं बदललं तरी सगळीकडं पोचायला वेळ लागतो. कुणाला आज दिसेल, कुणाला उद्या."

"मग मुहूर्त कुठल्या गावचा धरायचा?"

शेवटी असं ठरलं की सांगलीत शेठनी नारळ फोडायचा आणि त्याच क्षणाला साताऱ्यात आबांनी. फोन स्पीकरवर. आबा पलीकडून फौजी आवाजात ओरडले, "रेडी? एक, दोन, तीन!" इकडं फटाक, तिकडं फटाक. शेठ खूष.

मोबाईल काढून बघतात तर त्यांना जुनंच पान! आणि आबा तिकडून सांगतायत, "मला तर झक्कास दिसतंय शेठ! हळदीचा ढीग काय, तुमचा फोटो काय!"

"अहो, दुकान माझं सांगलीत आणि दिसतंय साताऱ्यात?"

"मग या की साताऱ्याला! दाखवतो, आन वर जेवायला घालतो."

शेठ खरंच गेले. आबांच्या घरी जेवून, रानातली उसाची कांडकी डिकीत भरून परत आले. तोवर सांगलीतही दिसायला लागलं होतं. असले दिवस होते ते.

*

मग दादांच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं.

आमच्याकडं लग्नाचं आवतण घरी जाऊन द्यायचं असतं. पत्रिकेला हळदकुंकू लावायचं, सोबत अक्षता द्यायच्या आणि तोंडानं म्हणायचं, "यायचं बरं का, कार्य तुमचंच आहे." पत्रिका छापली नाही तरी चालतं एक वेळ, पण माणूस दारात यायला लागतो.

दादांची नुसती धावपळ चालली होती. हॉल, केटरर, पाहुणे, वरून ऑफिस. एका दुपारी त्यांनी मोबाईलवर पत्रिकेचा फोटो सगळ्यांना पाठवला. त्या सगळ्यांत आबाही होते.

मी म्हटलं सुद्धा, "दादा, आबांकडं एकदा जाऊन यायचं का? मी गाडी काढतो."

"अरे, आबा म्हणजे घरचा माणूस! घरच्या माणसाला कसलं आवतण?"

लग्नाच्या दिवशी दादा दर थोड्या वेळानं मांडवाच्या दाराकडं बघत होते. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आबा काही आले नाहीत. दादा मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाले, "हे बघ. वाचलाय त्यानं मेसेज. निळ्या खुणा आल्यात. वाचून आला नाही!"

दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला फोन लावला. "आबा, वाट बघत होतो आम्ही. मेसेज मिळाला नव्हता का?"

"मेसेज आला की." मग म्हणाले, "दत्त्या न्हाई आला."

"अहो, ते म्हणत होते घरच्या माणसाला काय आवतण द्यायचं..."

"घरच्याला तर आदी द्यायचं आसतंय, सम्या."

मी हे दादांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. पण पडलेला चेहरा उचलून माणूस लगेच रागाचा घालतो ना, तसं झालं. "एवढ्याशा गोष्टीचं एवढं? ठीक आहे, बसू दे म्हणावं!"

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. कामाचं काही असलं की दादा मला म्हणायचे, "त्याला सांग." आबा मला म्हणायचे, "त्याला इचार." सांगलीचं मशीन आणि साताऱ्याचं मशीन मात्र दिवसभर एकमेकांशी बोलत होती. सुलभाताई एकदा दादांच्या तोंडावर म्हणाल्या, "त्या डबड्यांना कळतं, तुम्हाला कळत नाही!"

दादा उठून बाहेर गेले. त्या दिवशी ऑफिसात कुणी चहा मागवला नाही.

*

नंतर महापूर आला.

कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं, ऑफिसात शिरलं. आम्ही प्रायमरी उचलून माळ्यावर ठेवला, पण वीजच नाही तर माळ्यावर ठेवून करायचं काय? दादा घरच्यांना घेऊन विश्रामबागेत मेहुण्यांकडं गेले. सांगलीचं मशीन बंद.

सेकंडरीला आम्ही एक मुदत घालून दिलेली असते. प्रायमरीचा पत्ता लागला नाही तर तेवढे दिवस जुन्या माहितीवर उत्तर देत राहायचं. मुदत संपली की गप्प बसायचं. आमची मुदत आठवड्याची होती, दादांनीच घातलेली. पाणी उतरून वीज यायला त्याहून जास्त दिवस लागले.

दादा मेहुण्यांच्या गॅलरीत बसून हिशेब लावत होते. "उद्या साताऱ्याचं पण बंद पडणार. सगळी गिऱ्हाइकं अंधारात जाणार. संपलं सम्या आपलं."

"आबांना फोन करा दादा."

त्यांनी फोन हातात घेतला. आबांचं नाव काढलं. आणि तसाच फोन खाली ठेवला. "कुठल्या तोंडानं करू?"

आणि दुसऱ्या दिवशी काही बंद पडलं नाही! तिसऱ्या दिवशीही नाही. कुपवाडच्या मालकांनी उलट कौतुकाचा फोन केला, "एवढा पूर, पण आमची एक मेल चुकली नाही हां!"

चिखल काढून, मशीन सुकवून आम्ही सांगली चालू केली, तेव्हा मी साताऱ्याच्या मशीनवर काय झालं ते बघितलं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी आबांनी फायलीतला एकच शब्द बदलला होता. स्वतःला प्रायमरी करून घेतलं होतं! मग मुदतीचा प्रश्नच नाही. आणि आमचं मशीन सुरू झाल्याचं दिसल्यावर तोच शब्द परत बदलून पुन्हा सेकंडरी होऊन बसले होते. ह्यातलं कुणाला काही बोलले नाहीत. मलासुद्धा नाही.

मी दादांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला. पुसला, घातला, परत काढला. "फोनवर नाही बोलायचं हे," म्हणाले. "मी जाऊनच येतो."

पण आधी ऑफिसला रंग द्यायचा होता. मग गिऱ्हाइकांची कामं तुंबली होती. मग दिवाळी झाल्यावर जाऊ, असं झालं. दिवाळी झाली, मग दादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. पुढं पुढं तर "जायचंय रे एकदा" एवढंच म्हणायचे आणि विषय बदलायचे. मी तरी गाडी काढून दारात उभी करायची होती. नाही केली. मला त्याची फार हळहळ वाटते.

*

ह्याच काळातला एक किस्सा, त्या वेळी आम्ही हसून हसून सांगायचो.

सकाळी ऑफिस उघडलं की आबांचा फोन. "सम्या, नंबर वाढवला का?"

"वाढवला आबा."

"शाब्बास."

थोड्या वेळानं परत फोन. "सम्या, नंबर वाढवला का?"

"अहो आबा, आत्ताच सांगितलं की!"

"कवा?"

सुलभाताई म्हणायच्या, "आबा गंमत करतात तुझी. करमत नसेल एकट्याला." मीही तेच धरून चाललो. नंतर नंतर फोन कमी झाले, मग थांबले. आम्हाला वाटलं, ऊसतोडीत गुंतले असतील.

*

ह्या वर्षी दादांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या त्या दिवशी दादांनी पहिली पत्रिका बाजूला काढली, वहिनींकडून हळदकुंकू लावून घेतलं, अक्षतांची पुडी वरच्या खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "गाडी काढ. देवाच्या आधी आबा."

पेठ नाक्याला हायवेला लागलो तसे दादा घोकायला लागले. "मी आत गेल्या गेल्या पाय धरणार. तो शिव्या देईल. देऊ दे. मग म्हणेन, आबा, कार्य तुमचंच आहे." कराडला चहाला थांबलो, पण त्यांनी चहा घेतला नाही. सारखी खिशातली पुडी चाचपत होते.

दार काकूंनी उघडलं, आबांच्या मिसेसनी. दादांना बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. "आला व्हय दादा," एवढंच म्हणाल्या. मग हळूच, "आलीकडं माणसं वळखत न्हाईत ह्ये. पोरालाबी पाव्हणं म्हणत्यात. त्या मशीनला तेवढं इसरत न्हाईत. रोज सकाळी पुसत्यात."

आबा पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. स्वच्छ दाढी, इस्त्रीचा सदरा. शेजारी स्टुलावर आमचं मशीन, हिरवा दिवा लुकलुकतोय. सुलभाताईंनी लावलेल्या कुंकवाचा डाग अजून कोपऱ्यात होता.

दादा पाय धरायला वाकले. आबा दचकून उठले आणि त्यांचे दोन्ही हात धरले. "आवं, आवं, पाव्हणं! ह्ये काय? बसा, बसा. कुठनं आला म्हणायचं?"

मीच म्हणालो, "सांगलीहून, आबा."

"सांगली!" आबांचा चेहरा एकदम फुलला. "सांगलीत माजा दोस्त हाय. दत्ता. लय हुशार गडी. फकस्त नंबर वाढवायला इसरतंय!"

दादांनी खिशातून पुडी काढली. ती घाईघाईनं सोडताना निम्म्या अक्षता फरशीवर सांडल्या. उरलेल्या त्यांनी पत्रिकेसकट आबांच्या ओंजळीत ठेवल्या. "आबा... माझ्या मुलीचं लग्न आहे. यायचं बरं का. कार्य तुमचंच आहे."

आबांनी पत्रिका कपाळाला लावली. नीट, रीतीप्रमाणं. आणि मग तशीच अलगद दादांच्या मांडीवर परत ठेवली.

"राग मानू नगा, पाव्हणं. तुमी एवढ्या लांबनं आला. पर मला शबुद देता यायचा न्हाई. माज्या दोस्ताच्या पोरीचं लगीन हाय. तवा आदी त्याचं आवतण. त्यो यून गेल्याबिगर मी दुसऱ्या कुणाच्या मांडवात जायचो न्हाई."

दादा कसेबसे म्हणाले, "आणि... तो आलाच नाही तर?"

आबा हसले. दादांच्या खांद्यावर हात ठेवून, समजूत काढल्यासारखं म्हणाले,

"यील की! मेसेज आलाय त्याचा."